चापड्याची नोंद

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला कोंडेवाडीच्या राईत पाय ठेवायला जागा नसे. रोह्याहून सहाआसनी रिक्षा खच्चून भरून येत, पेण-वडखळकडची माणसं टेम्पो ठरवून येत, आणि धाटावची रात्रपाळी सुटलेले कामगार घरी न जाता मोटारसायकली थेट इकडेच वळवत. राईच्या तोंडाशी नारळ, अगरबत्ती आणि हिरव्या बांगड्या विकणाऱ्या पाच टपऱ्या उभ्या राहिल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी तिथे साधा चहाही मिळत नव्हता.

आत बांबूच्या बेटापुढे शेणाने सारवलेला ओटा होता आणि ओट्यावर हिरवं सोवळं नेसलेला केरूबाबा. त्याच्या मागे, बेटातल्या एका आडव्या फांदीवर, खरोखरीचा हिरवागार साप वेटोळं घालून बसलेला असे. समोर पाचशे माणसांचा गलबला चाललेला असला तरी तो तसूभर हलत नसे. हिरवी आई प्रसन्न असल्याची ही पहिली खूण, असं केरूबाबा सांगे.

त्या रविवारी आदेश नावाच्या एका तरुणाला दोघांनी धरून आणलं. बांबू तोडताना त्याला साप चावला होता. हात कोपरापर्यंत सुजून भोपळ्यासारखा झाला होता.

"कोणत्या हाताला धरलं आईनं?" केरूबाबाने डोळे न उघडता विचारलं.

"उजव्या."

"उजवा म्हंजे बापाकडचा दोष. डावा असता तर आईकडचा निघाला असता."

पायाला चावला असता तर दोष बहुधा शेजाऱ्याकडचा निघाला असता. पण असा प्रश्न राईत कुणी विचारत नसे. केरूबाबाने डबीतून चिमूटभर शेंदूर काढून जखमेवर दाबला, हाताखाली काशाची थाळी धरली आणि तांब्यातलं पाणी सोडलं. थाळीत पडलेलं पाणी हिरवं झालं. नुसतं हिरवं नव्हे, आत कुणी दिवा लावून ठेवल्यासारखं लखलखीत हिरवं. "उतरलं," केरूबाबा म्हणाला, आणि सगळ्या राईने हात जोडले.

गर्दीच्या मागे एका ऐनाच्या झाडाला टेकून नूतन म्हात्रे हे पाहत होती. तिने हात जोडले नाहीत, पण ती काही बोललीही नाही. आदेशच्या हाताची सूज पाचसहा दिवसांत उतरेल हे तिला माहीत होतं. फांदीवरच्या सापाच्या खवल्यांच्या रांगासुद्धा तिने मोजलेल्या होत्या. आणि केरूबाबाला ही विद्या कुणी दिली हेही तिला पक्कं माहीत होतं. ती तिनेच दिली होती.

नूतन मूळची धरमतरच्या खाडीकाठची. वडील मिठागरात राबले आणि मुलगी शिकून रोह्याच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागली. सुट्टीच्या दिवशी डोंगर तुडवायचे आणि दिसलेल्या सापांची नोंद करायची, हा तिचा नाद. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात ती कोंडेवाडीच्या रानात चापडा शोधत होती. चापडा म्हणजे बांबूत राहणारा हिरवा विषारी साप. तिने चाळलेल्या कोणत्याच यादीत या डोंगरातली त्याची पक्की नोंद नव्हती. लोक म्हणत, हिरवे साप पुष्कळ आहेत; पण लोकांच्या लेखी हरणटोळ आणि चापडा एकच, आणि दोन्ही दिसताक्षणी ठेचायचे.

तेव्हा केरू हा नुसता केरू होता. धाटावच्या एका कंपनीतलं कंत्राटी काम सुटल्यामुळे तो घरच्या भाताच्या आणि वालाच्या शेतीवर परतला होता. त्याला रान पाठ होतं आणि नजर अशी की तीन दिवस नूतनला न दिसलेला साप त्याने चालता चालता दाखवला. कमरेएवढ्या उंचीवर, भिजलेल्या बांबूच्या पेरावर, पानांत पान होऊन बसलेला. नूतनने फोटो काढले, वेळ लिहिली, जमिनीपासूनची उंची मोजली, आणि आनंदाच्या भरात केरूला दगडावर बसवून सगळं समजावून सांगितलं. हरणटोळाचं तोंड लांब आणि टोकदार असतं, अंग दोरीसारखं. याचं डोकं तिकोनी आणि अंग जाड. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये ही खाच दिसते ना, तिने त्याला उंदराची, पाखराची ऊब कळते. एकदा जागा धरली की हा दिवसच्या दिवस हलत नाही.

"माणूस मरतो का यानं?" केरूने विचारलं होतं.

"सहसा नाही. सूज येते, आठवडाभर ठणका लागतो, मग उतरतो."

"अवशीद न घेता?"

"बहुतेक वेळा न घेताही. पण दवाखान्यात गेलेलं बरं."

केरूने मान डोलावली होती आणि थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारून खात्री करून घेतली होती. किती लक्ष देऊन ऐकतो हा, वर्गात अशी पोरं असती तर, असं तेव्हा नूतनला वाटलं होतं. तिचं ते शेवटचं वाक्य मात्र केरूने तिथेच दगडावर सोडून दिलं.

वर्षभराने राईत ओटा उठला. नूतन तणतणत केरूकडे गेली. त्याने तिला शांतपणे राईतून फिरवलं आणि म्हणाला, "बाय, गेल्या साली ठेकेदार बांबू तोडायला मानसं घेऊन आलता. आईचं नाव घेतलं तसे कोयते टाकून पळाले. आता हिरवा साप कोन मारत नाय. तुमाला पायजे तेवढे साप बगा."

हे खरं होतं. त्या पावसाळ्यात तिने एकट्या त्या राईत अकरा चापडे नोंदवले. ज्या रानात ठेचलेले साप काठीवर लटकलेले दिसत, तिथे लोक वाट सोडून बाजूने जाऊ लागले होते. चापड्याने मरत तर कुणी नाही, मग बिघडलं कुठे, असं तिने मनाला समजावलं. पुढे पेणला एका कार्यक्रमात तिने या राईवर भाषण केलं. स्थानिकांच्या श्रद्धेमुळे अधिवास टिकला, असं ती म्हणाली. टाळ्या पडल्या. ओट्यावरच्या थाळीचा तिने त्या भाषणात उल्लेख केला नाही.

कोंडेवाडीत तिचं उतरण्याचं घर एकच होतं. विमलबाईंचं. विमलबाई पन्नाशीच्या, विधवा. मुलगा नितेश धाटावला शिफ्टमध्ये कामाला. दुपारी चिखलाने माखून आलेल्या नूतनला त्या आधी पाय धुवायला पाणी देत, मग तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. "साप बगायला जातीस का लगीन चुकवायला गो?" असं म्हणून हसत. त्याही केरूच्या राईत नारळ द्यायला जात असत. नूतनला ते दिसत होतं. खाल्ल्या भाकरीला कडवटपणा नको, म्हणून तिने तो विषय कधी काढला नाही.

माघात विमलबाई राबासाठी पालापाचोळा गोळा करत होत्या. भाताचं बी पेरायच्या जागेवर पाला जाळतात, तो राब. सुक्या पानांच्या ढिगात हात घातला आणि बोटाला काहीतरी डसलं. साप नीट दिसला नाही. दुपारचे बारा वाजले होते, नितेश पहिल्या पाळीला. शेजारणींनी त्यांना उचलून राईत नेलं. केरूबाबाने शेंदूर दाबला, पाणी सोडलं, पाणी हिरवं झालं. "उतरलं," तो म्हणाला. विमलबाई घरी येऊन झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितेशचा नूतनला फोन आला. आईच्या हिरड्यांतून रक्त येतंय, लघवी लाल झालीय, आणि केरूबाबा म्हणतो की दोष बाहेर पडतोय.

नूतनने साप पाहिला का, म्हणून विचारलं. नाही. आवाज आला होता का? नितेशने आईला विचारून सांगितलं, "करवत घासल्यासारका, म्हंते."

"आईला लगेच रोह्याला आण," नूतन म्हणाली. अंगाचे खवले एकमेकांवर घासून तसा आवाज फुरसं करतं. वीतभर लांबीचा मातकट साप, सुक्या पाल्यात आणि दगडाखाली राहणारा. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं.

तासाभरात विमलबाईंना रोह्याच्या दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टर सुरभींनी त्यांचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. निरोगी रक्त वीस मिनिटांत गोठतं, असं त्यांनी नितेशला सांगितलं. वीस मिनिटांनी त्यांनी नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं ओघळलं. त्यांनी लगेच विषावरची लस सुरू केली, आणि लघवी बंद होत चालली म्हणून रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयात पाठवलं. रुग्णवाहिका निघताना डॉक्टर नूतनला एवढंच म्हणाल्या, "काल दुपारी आल्या असत्या तर एवढं बिघडलं नसतं."

विमलबाई एकोणीस दिवस रुग्णालयात होत्या. जगल्या, पण दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि तेही कायमचं असेल असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर त्या ओसरीवर बसून असत. चूल पेटवायची ताकद राहिली नव्हती.

नूतन भेटायला गेली तेव्हा नितेश बाहेर आला. तो रागावलेला नव्हता, आणि तेच तिला सहन होईना.

"बाय, तुमी आमच्या घरी कितींदा जेवलाव," तो म्हणाला. "राईत पन जायचाव. केरू खोटा हाय असं तुमी कदी बोलला नाय. आमाला वाटलं, शिकलेली बाय गप हाय, म्हंजे कायतरी खरं असंल."

 साप चावला त्या दिवशीचं विमलबाईंचं लुगडं नूतनने मागितलं. पदरावर थाळीतलं पाणी सांडलेलं होतं आणि वाळल्यावर तिथे नारिंगी डाग पडला होता. तिने तो कोपरा पाण्याच्या वाटीत बुडवला. पाणी हिरवं झालं, अगदी तसंच लखलखीत.

तिने नितेशला विचारलं, कंपनीत पाइप कुठे गळतो ते शोधायला पाण्यात काही टाकता का. नितेश म्हणाला, रंग टाकतात. नारिंगी पूड असते, चिमूटभर पाण्यात पडली की, आणि तो बोलता बोलता थांबला. त्याने वाटी उचलून उन्हात धरली. मग सावकाश म्हणाला, "केरू त्याच कामावर व्हता."

पुढच्या रविवारी राई नेहमीसारखी भरली होती. नूतन गर्दीतून वाट काढत ओट्यापाशी गेली आणि तिने आपला उजवा हात पुढे केला. मला काही चावलेलं नाही, तरीही माझा हात धू, असं तिने केरूला सांगितलं. आईची परीक्षा घेऊ नये, कोप होतो, वंश बुडतो, असं बरंच काही केरू बोलू लागला. तो बोलत असतानाच नितेशने ओट्यावरची शेंदराची डबी उचलली, एकाच्या हातातली पाण्याची प्लास्टिकची बाटली मागून घेतली, तिच्यात चिमूट टाकली आणि बाटली उन्हात धरली.

बाटली हिरवी झाली.

 मग पुढे बसलेल्या एका म्हातारीने अगदी मनापासून विचारलं, "बाटलीला कोन चावलं?"

मागून हसू फुटलं. नितेशने रंगाचं नाव सांगितलं, तो कशासाठी वापरतात ते सांगितलं, शेंदरात मिसळला की ओळखू येत नाही हे दाखवलं. लोकांनी बाटली हातोहात फिरवली. पण केरू इतक्यात हार मानणारा नव्हता. तो उठून उभा राहिला.

"पान्याचं सोडा," तो म्हणाला. "दोन सालात साठसत्तर मानसं आली माझ्याकडं. एक तरी मेलं का? कोनी वाचवली?"

हसू थांबलं. आदेश गर्दीतच होता, त्याने आपल्या बऱ्या झालेल्या हाताकडे पाहिलं. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर एकट्या नूतनकडे होतं.

ती म्हणाली, "कुणीच नाही. ती वाचणारच होती. या रानात बांबूवरून जो साप चावतो तो चापडा. त्याने हात सुजतो, माणूस सहसा मरत नाही. काहींना तर बिनधोक्याचा हरणटोळच चावला होता. केरूने कुणाला बरं केलं नाही, आपोआप बऱ्या होणाऱ्यांच्या हातावर पाणी सोडलं. विमलबाईंना चापडा चावला नव्हता, फुरसं चावलं होतं. पाणी त्यांच्याही वेळी हिरवंच झालं. कोणता साप चावला हे त्या पाण्याला कळत नाही."

"आन् हे माझ्या डोस्क्यातनं आलं का?" केरू म्हणाला. आता तो लोकांशी बोलत नव्हता, तिच्याशी बोलत होता. "चापड्यानं मानूस मरत नाय, ते मला कोनी सांगितलं, बाय?"

"मी सांगितलं."

"मग दोन सालं तुमी गप का व्हता?"

 नूतनला खोटं बोलणं सोपं होतं. मला ठाऊक नव्हतं, एवढं म्हटलं असतं तरी लोकांनी मानलं असतं.

"माझ्या स्वार्थासाठी," ती म्हणाली. "तुझ्या हिरव्या आईच्या धाकाने बांबू वाचला, साप वाचले, माझ्या वहीतल्या नोंदी वाढल्या. मला टाळ्या मिळाल्या. मरत तर कुणी नाही ना, असं म्हणून मी घरी जात होते. ज्या दिवशी दुसरा साप चावेल त्या दिवशी काय होईल, हे मला तुझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तुला फुरशाबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. पण मला ते माहीत होतं."

लोक तिच्यावरही चिडले. एका बाईने तिला तोंडावर सांगितलं की बाबा खोटा तर खोटा, पण तो अडाणी, तू शिकलेली. नूतनने ते ऐकून घेतलं. मग तिने शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं, की साप कोणताही असो, चावलेल्या माणसाला चालवू नका, जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हात किंवा पाय न हलवता थेट दवाखान्यात न्या. साप ओळखण्यात वेळ घालवू नका. मला पंधरा वर्षं लागली ओळखायला, आणि तरी मी जिवावर पैज लावणार नाही. ज्याला सगळ्या सापांवर एकच पाणी चालतं, त्याला एकही साप कळत नाही.

त्याच आठवड्यात नितेशने केरूविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. सर्पदंशावर मंत्र घालून माणसाला दवाखान्यापासून अडवणं हा जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. नूतनने साक्ष दिली आणि आपल्या जबाबात स्वतःचा भाग गाळला नाही. टपऱ्या महिन्याभरात उठल्या. पाठोपाठ ठेकेदार आला आणि यावेळी त्याचे कोयते कुणी थांबवले नाहीत. नूतनने गावातल्या लोकांच्या सह्या गोळा केल्या, वनखात्यात खेटे घातले. अर्धं बेट वाचलं, अर्धं गेलं. त्या पावसाळ्यात तिला राईत चारच चापडे दिसले. तिने चार लिहिले. अकराचे चार का झाले, हा हिशेब तिने दुसऱ्या कुणावर ढकलला नाही.

भादव्यात वाडीतल्या काळुरामच्या हाताला भातातलं तण उपटण्याची बेणणी करताना हिरवा साप चावला. त्याच्या घरच्यांना कुठे जावं सुचेना. विमलबाई ओसरीवरून उठल्या, भिंतीला धरत त्याच्या घरी गेल्या आणि त्यांनी त्याला नितेशच्या मोटारसायकलवर बसवायला लावलं. मागे धरायला एक माणूस दिला. रोह्याला डॉक्टर सुरभींनी त्याचं रक्त नळीत घेतलं, वीस मिनिटं वाट पाहिली. रक्त गोठलेलं होतं. चापड्याच्या विषावर आपल्याकडे वेगळी लस मिळत नाही, म्हणून त्यांनी नुसती देखरेख ठेवली, दुखण्यावर गोळ्या दिल्या, सहासहा तासांनी पुन्हा रक्त तपासलं आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

नूतन त्या दिवशी विमलबाईंना डायलिसिसहून घरी घेऊन आली होती. दर मंगळवारी ती कॉलेज आटोपून त्यांच्यासोबत जात असे. विमलबाईंनी तिला ये म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. भाकरी त्यांना आता थापता येत नव्हती, आणि हसून बोलणंही पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. दोघी ओसरीवर बसल्या असताना काळुराम सुजलेला हात गळ्यात बांधून आला आणि कुरकुरू लागला. तीन दिवस फुकट गेले म्हणाला. डॉक्टरीणबाईने केलं काय, नुसती काचेची नळी बघत बसली. ना मंत्र, ना पाणी. आपोआपच बरा होणार होतो तर गेलो कशाला?

नूतन काही सांगायला जाणार तेवढ्यात विमलबाईंनी तिला हाताने थांबवलं.

"तुला हिरवा चावला हे तुला बगून कळलं," त्या काळुरामला म्हणाल्या. "मला काय चावलं ते मला दिसलं नव्हतं. आन् त्या दिवशी माझी नळी बगायला कोनी नव्हतं." मग त्यांनी नूतनकडे पाहिलं. "साप कंचा ते ही बाय मागनं लिवंल तिच्या वहीत. तू आदी दवाखान्यात जायाचं. पुढल्या खेपेलाबी."